खडीतले खिल्लार

परसदारी मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवण्याच्या पद्धतीला ‘ॲक्वापोनिक्स’ म्हणतात. मराठीत तिला ‘मत्स्यशाकशेती’सारखे एखादे नाव देता येईल, परंतु ज्या घरात ही पद्धती प्रत्यक्ष अवतरते, तेथे तिला पहिल्या आठवड्यात ‘प्रोजेक्ट’, पहिल्या महिन्यानंतर ‘ते परसातलं’ आणि पहिल्या वीजबिलानंतर नुसतेच ‘तुमचं ते’ असे संबोधले जाते. मूळ तत्त्व सोपे आहे. मासे खातात आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतात. ते पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढवले जाते. खडीवर वस्ती करून राहिलेले जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे वनस्पतींचे अन्न असल्याने पालक आणि पुदिना ते शोषून घेतात, आणि निवळलेले पाणी पुन्हा माशांकडे परतते. हे चक्र कागदावर काढले असता त्यात चार बाण येतात आणि मनुष्य कोठेही येत नाही. नवख्याला या आकृतीची भुरळ पडते ती नेमकी याच कारणाने, आणि पुढे वर्षभर त्याला जे सोसावे लागते त्याचे मूळही आकृतीतल्या याच गाळलेल्या जागेत असते.

या विद्येची वंशावळ भारदस्त आहे. मेक्सिकोतील अझ्टेकांच्या चिनांपा, म्हणजे उथळ तळ्यात गाळ रचून केलेले शेतीचे वाफे; अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी लोक भातखाचरांतच मासे वाढवतात ती रीत; १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटचे प्रयोग; आणि व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८०च्या दशकात तरंगत्या तराफ्यांवर भाजी वाढवून बसवलेली घडी, हे सर्व टप्पे नवखा आल्यागेल्या पाहुण्यास टाकीपाशी उभे करून ऐकवतो. कोकणात आणि देशावर न्हाणीचे सांडपाणी ज्या खळग्यात जाई तेथे अळू, कर्दळ आणि केळ लावण्याची जी जुनी चाल होती, ती मात्र या वंशावळीतून वगळली जाते, कारण तीत पंप नाही. घरातील एखाद्या वृद्धेने ‘आमच्या न्हाणीमागं अळूचं पान सुपाएवढं व्हायचं, त्याला मोटर नव्हती लागत’ असे म्हटलेच, तर त्या विधानाची दखल घेतली जात नाही.

सांगली, सातारा किंवा नाशिकच्या कडेला जेथे बैठ्या घरामागे अजून दहाबारा फुटांचे परस उरले आहे, तेथे या शेतीचा प्रारंभ भंगारवाल्याकडे होतो. औद्योगिक वसाहतींतून निघालेली, लोखंडी जाळीत बसवलेली पांढऱ्या प्लास्टिकची १००० लिटरची चौकोनी टाकी, जिला व्यापारात ‘आयबीसी’ म्हणतात, ही या क्षेत्रातील आद्य वस्तू होय. तिचा वरचा फूटभराचा भाग करवतीने कापून उलटा ठेवला की वाफा होतो आणि खालच्या भागात सुमारे ६५० लिटरचा मत्स्यतलाव उरतो. टाकीत पूर्वी काय होते हा प्रश्न जीवनमरणाचा असल्याने नवखा तो गंभीरपणे विचारतो, आणि त्याचे उत्तर ‘ग्लुकोज होतं, साहेब’ असेच येते. भंगारवाल्याच्या आवारातील यच्चयावत टाक्यांत पूर्वी ग्लुकोजच असते, मग त्यांपैकी काहींना रॉकेलचा आणि काहींना फिनेलचा वास का येईना.

खडीचा विषय अधिक सखोल आहे. वाफ्यात फूटभर जाडीचा थर लागतो, म्हणजे १२ घनफुटांच्या आसपास. उलटपक्षी खडीचा व्यवहार चालतो तो ब्रासमध्ये, आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ब्रासचा आठवा हिस्सा मागणारे गिऱ्हाईक हे एकतर थट्टेखोर असते किंवा त्याला केवळ पत्ता विचारायचा असतो, अशी खडीवाल्याची धारणा असल्याने गाडी अर्ध्या ब्रासखाली निघत नाही, आणि उरलेल्या खडीचा ढीग त्या घराच्या फाटकाशी कायमचा रहिवासी होतो. पण त्याआधी खडीची परीक्षा व्हावी लागते. चुनखडीचा किंवा संगमरवराचा दगड पाण्यात हळूहळू विरघळून पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, वर चढवत राहतो. माशांना ६.५ ते ८, जीवाणूंना सातच्या वर आणि भाजीला सहाच्या आसपासचा सामू मानवतो. माशांखेरीज कोणाचेही समाधान न करणारा ६.८ ते ७ हा आकडा त्यामुळे सर्वमान्य ठरला आहे. दगडावर आम्ल टाकले असता फेस आला तर त्यात चुना आहे असे समजावे, ही परीक्षा पुस्तकात व्हिनेगरने करतात; नवखा ती घरात असलेल्या लिंबाने करतो. खडीच्या ढिगासमोर उकिडवा बसून, एकेका दगडावर लिंबू पिळून, कान लावून ऐकणारा सुशिक्षित इसम पाहिला म्हणजे खडीवाल्याच्या मनात जे विचार येतात ते रसायनशास्त्राचे नसतात, आणि त्या दिवशी तो भावात घासाघीस करीत नाही, हा या परीक्षेचा पुस्तकांत न सांगितलेला लाभ होय. दख्खनची काळी खडी बेसाल्टची असल्याने ती बहुधा फेसत नाही. लिंबे तेवढी संपतात.

वाफ्यात पाणी चढत-उतरत राहावे, म्हणजे मुळांना आळीपाळीने पाणी आणि हवा मिळावी, यासाठी ‘बेल सायफन’ नावाची योजना केलेली असते. वाफ्याच्या मध्यभागी एक इंची उभा पाइप असतो. त्याच्यावर वरून बंद केलेला तीन इंची पाइप घंटेसारखा पालथा घातलेला असतो. पाणी उभ्या पाइपाच्या तोंडाशी आले की आत ओसंडते, पाइप भरून वाहू लागला की हवा निघून जाते आणि ओढ निर्माण होऊन सगळा वाफा एका दमात रिकामा होतो. शेवटी घंटेच्या तळच्या खाचांतून हवा शिरते, ओढ तुटते, आणि पाणी पुन्हा चढू लागते. जुन्या घरांत देव्हाऱ्याजवळ किंवा कपाटात पितळेचा ‘वसुदेवाचा पेला’ असे, ज्यात पाणी बाळकृष्णाच्या पावलाला टेकताच पेला तळातून रिता होई आणि मुलांना यमुनेने वाट दिल्याचे दाखवले जाई. त्या चमत्काराच्या पोटात हाच सायफन दडलेला असतो. पेला घडवणाऱ्या तांबटाला जे साधले होते ते पीव्हीसी पाइप, सोल्यूशन आणि टेफ्लॉन टेप घेऊन बसलेल्या पदवीधराला साधत नाही. त्याच्या वाफ्यात यमुना पावलापर्यंत येते आणि तेथेच ताटकळत उभी राहते. पाइपाच्या काठावरून पाण्याचा पातळ पदर सावकाश उतरत राहतो, ओढ म्हणून ती बसतच नाही. एल्बो बदलावा तर ओढ बसते, पण मग सुटत नाही, आणि वाफा रात्रभर रिकामा राहून मेथी मान टाकते. या काळात हार्डवेअरच्या दुकानात इतक्या फेऱ्या होतात की दुकानदार पहिल्या दिवशी ‘हे कशासाठी पाहिजे?’ असे विचारतो, चौथ्या दिवशी ‘झालं का?’ असे विचारतो, आणि नवव्या दिवशी काहीच न विचारता पाऊण इंची रिड्यूसर काउंटरवर ठेवतो. सायफन अखेरीस चालतो तो बहुधा नळ अर्धी आटी फिरवल्यावर, आणि का चालला हे कोणालाही कळत नाही.

पाणी फिरू लागले म्हणजे मासे सोडावेत असे वाटणे स्वाभाविक आहे आणि येथेच बहुसंख्य टाक्यांतील पहिले मासे दगावतात. अमोनियाचे नायट्रेट आपोआप होत नाही. ते काम करणारे जीवाणू असतात, हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास झुरिकमध्ये ते वेगळे काढून दाखवले. अमोनियाचे नायट्राइट करणारी नायट्रोसोमोनाससारखी एक जात आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारी नायट्रोस्पायरा, नायट्रोबॅक्टरसारखी दुसरी, अशा या दोन भावक्या असून पहिलीचे पोट भरल्याशिवाय दुसरीला काही मिळत नाही. दह्याचे जीवाणू एका रात्रीत दूध विरजतात म्हणून मराठी गृहस्थाची जीवाणूंविषयीची अपेक्षा उंचावलेली असते. परंतु हे जीवाणू एकाचे दोन व्हायला अर्धा ते एक दिवस घेतात, आणि खडी त्यांनी पुरेशी भरेपर्यंत चार ते सहा आठवडे लोटतात. एखाद्या चालू टाकीतील बादलीभर ओली खडी विरजण म्हणून आणल्यास हा काळ घटतो. तोवर टाकीत मासे नसतात, भाजी नसते, पंप मात्र अहोरात्र चालू असतो, आणि त्या रिकाम्या पाण्यात अमोनिया हवा म्हणून नवखा चिमूट चिमूट युरिया टाकीत असतो. युरियाला एक सहज उपलब्ध, विनामूल्य आणि सर्वस्वी घरगुती पर्यायही आहे, ज्याचा उल्लेख परदेशी परसबागकार मोकळेपणाने करतात आणि मराठी परसबागकार रात्री नऊनंतरही करीत नाहीत.

या सहा आठवड्यांत त्या गृहस्थाच्या जीवनात एक मूलभूत बदल घडून येतो, जो त्याच्या लक्षात येत नाही. रोज सकाळी चहापूर्वी काचेच्या नळीत पाणी घेऊन, थेंब मोजून, पिवळा रंग हिरव्याकडे किती झुकला हे तो उजेडात धरून पाहतो आणि वहीत लिहितो. घरातून ‘अहो, मासे कुठायत?’ असा प्रश्न आला असता तो ‘अजून नायट्राइट उतरलं नाही’ असे उत्तर देतो. मासे आणि भाजी वाढवण्यास निघालेला हा मनुष्य वस्तुतः तिसरेच जित्राब पाळू लागलेला असतो. माणदेशातला धनगर किंवा शेतकरी खिल्लार राखतो तेव्हा त्याला ते निदान दिसते, त्याच्या पाठीवरून हात फिरवता येतो. या खिल्लाराचे अस्तित्व केवळ नळीतील रंगावरून ताडावे लागते, आणि तरीही त्याला ऊन लागू नये, क्लोरिनचे पाणी पाजले जाऊ नये, त्याची खडी सुकू नये, याची चिंता त्याच्या राखणदारास अष्टौप्रहर असते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच टाकीत घालण्याचा नियम माशांसाठी असतो तितकाच या जीवाणूंसाठीही असतो.

मासे आणण्याचा प्रसंग त्यामानाने लवकर उरकतो. मत्स्यव्यवसायात माशांच्या पिल्लांना त्यांच्या वाढीप्रमाणे मत्स्यजिरे आणि बोटुकली अशी सुंदर नावे आहेत; बीजकेंद्रात ती हजारांनी मोजली जातात, आणि ‘किती गुंठ्यांचं शेततळं आहे?’ या प्रश्नाला ‘साडेसहाशे लिटरचं’ हे उत्तर तेथे अपुरे समजले जाते. रोहू आणि कटला वाढले की त्यांना टाकी पुरेनाशी होते आणि दरम्यान ते उड्या मारून परसात येतात. पाण्याची हेळसांड सर्वाधिक सोसते ती तिलापिया, जिला उजनीच्या परिसरात चिलापी म्हणतात आणि जी १९५२ मध्ये या देशात आणली गेल्यापासून जेथे नको तेथे उत्तम वाढलेली आहे. म्हणूनच तिच्या संवर्धनास शासनाची परवानगी लागते. थाई मांगुरावर तर बंदीच आहे. शाकाहारी कुटुंबे शोभेचे कोई मासे आणून हा प्रश्न मिटवतात, आणि मग आयुष्यभर पालकासाठी मासे पाळल्याचे समाधान भोगतात.

अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या ॲक्वापोनिक्सविषयी जी पुस्तिका काढली, तीत पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्यामागे माशांना दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य असे प्रमाण दिलेले आहे. हे प्रमाण मराठी घरात टिकत नाही, कारण या घरात जेवणाऱ्यास आग्रह न करणे हा असभ्यपणा समजला जातो. मनुष्य टाकीपाशी आला की मासे वर येऊन तोंडे उघडतात, आणि हे दृश्य पाहून ‘बिचाऱ्यांना भूक लागलीय’ असे न म्हणणारी आजी अद्याप आढळलेली नाही. गृहस्थ सकाळी मोजून देतो. नातू शाळेत जाताना देतो. दुपारी कामाला येणाऱ्या मावशी पोळीचा तुकडा कुस्करून टाकतात. आणि कुटुंब लग्नाला गावी गेले असता ज्या शेजाऱ्यावर टाकी सोपवलेली असते, तो पाहुणचारात कसूर नको म्हणून चार दिवसांचे खाद्य दीड दिवसात संपवतो. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते, त्याचाही अमोनिया होतो, खिल्लाराच्या आवाक्याबाहेर जातो, आणि पाण्याला तो वास येतो जो लग्नाहून परतलेल्या गृहस्थाला फाटकातच सर्व काही सांगतो.

या शेतीतील खरा पेच औषधाचा आहे, आणि त्यावर कोणी तोड काढलेली नाही. पालकावर मावा पडला म्हणजे तंबाखूचे पाणी फवारण्याचा सल्ला शेजारपाजारचा प्रत्येक जण देतो. तंबाखूतील निकोटिनने मावा मरतो आणि तेच पाणी खाली ठिबकून मासेही मरतात. कडुलिंबाचा अर्कही माशांना सोसतोच असे नाही. उलट माशांना नायट्राइटची बाधा झाली असता पाण्यात मीठ घालणे हा चांगला उपाय आहे, पण मीठ वाढले की भाजीची पाने कडेने करपू लागतात. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर लोहाची उणीव समजावी. त्यासाठी गंजके खिळे टाकणाऱ्यांचा एक संप्रदाय आहे, परंतु सातच्या सामूला ते लोह तळाशी बसून राहते आणि मुळांना मिळत नाही, म्हणून चिलेटेड लोह विकत आणावे लागते. एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे कुपथ्य असलेले, एकाच पाण्यावर जगणारे हे कुटुंब चालवताना गृहस्थ शेवटी माव्याचा एकेक किडा जुन्या टूथब्रशने झाडून काढू लागतो. हे झाडलेले किडे मासे आवडीने खातात, आणि या साऱ्या व्यवस्थेत कोणाच्याही सल्ल्याविना सुरळीत चाललेला हा एकमेव व्यवहार असतो.

विजेचा प्रश्न येथे केवळ स्पर्शून जाणे शक्य नाही, कारण तो माशांना स्पर्शतो. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी; २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. एप्रिल-मे महिन्यांत, नेमके जेव्हा पंप क्षणभरही थांबू नये, तेव्हाच वीज जाते, आणि देखभालीचा म्हणून जो वार ठरलेला असतो त्या दिवशी तर ती सांगून जाते. मासे वर येऊन हवा गिळू लागतात. गृहस्थ तांब्याने पाणी उंचावरून टाकीत ओतत उभा राहतो, आणि त्याचे ते रूप पाहून रस्त्याने जाणाऱ्यांना तो अभिषेक करीत असल्याचा भास होतो. घरातील इन्व्हर्टर एकच असतो व त्यावर एका बाजूने पंखा, दुसऱ्या बाजूने रात्रीची मालिका आणि तिसऱ्या बाजूने हवेचा पंप असे दावे दाखल होतात. निकाल सहसा माशांच्या बाजूने लागत नाही.

खंड्या, ढोकरी बगळा आणि शेजारचे मांजर या तिघांना टाकीचा पत्ता पहिल्या आठवड्यातच लागलेला असतो. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधत येणारे नगरपालिकेचे कर्मचारी साचलेल्या पाण्याबद्दल दंडाची पावती काढू पाहतात. अशा वेळी टाकीत पाचपन्नास गप्पी मासे दाखवता आले तर तीच टाकी आरोग्यविषयक उपक्रम ठरते.

मासे वाढतात. ते वाढून ताटात येण्याजोगे होतात तोवर धाकट्या मंडळींनी त्यांना नावे ठेवलेली असतात, आणि नाव असलेला मासा चिरता येत नाही. हा अडथळा ओलांडावा तर श्रावण लागतो. तोही संपल्यावर जो मासा अखेरीस कालवणात पडतो, त्याला चिखलाचा वास येतो, आणि सुरमई-पापलेटांवर वाढलेले कोकणी पाहुणे पहिल्या घासालाच ‘गोड्या पाण्यातला ना?’ असे विचारून वाटी बाजूला सारतात. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पाण्यातील काही सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि माशांच्या मांसात ते मुरते. पहिल्या पावसानंतर तापलेल्या मातीला जो सुगंध सुटतो त्यातही हेच द्रव्य असते. ज्या वासावर मराठीत इतक्या कविता झाल्या, तो आमटीत आला की रसिकता आटते; मग मासे खाण्यापूर्वी काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवावेत हा शास्त्रोक्त उपाय करावा लागतो, आणि उपाशी ठेवलेल्या माशांकडे पाहून आजी पुन्हा पोळीचा तुकडा शोधू लागते.

वर्षाअखेर ‘ही जुडी कितीला पडली?’ असा प्रश्न घरातून विचारला जातोच. ४० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर दिवसाला जवळजवळ एक युनिट आणि महिन्याला २९ युनिट जाळतो. हा हिशेब गृहस्थाला येत नाही असे नव्हे. परंतु टाकी आयुष्यभर टिकणारी असल्याने तिची किंमत धरू नये, खडी वाहणे हा व्यायाम असल्याने मजुरी धरू नये, आणि हार्डवेअरच्या फेऱ्या इतर कामांच्या निमित्ताने झाल्याने पेट्रोल धरू नये, अशी त्याची लेखापद्धती असते. तरीही जुडी मंडईपेक्षा महाग पडते, म्हणून वहीत उत्पन्नाची बाजू भरून काढण्याचे प्रयत्न सुरू होतात. याच सुमारास कोणाच्या तरी ध्यानात येते की वाफ्याच्या गळक्या सांध्यातून, जो पाच वेळा टेप गुंडाळूनही गळायचा थांबलेला नाही, थेंब थेंब पडून टाकीमागे जो ओलसर खळगा झाला आहे, तेथे आजीने केव्हातरी टाकलेला अळूचा कंद रुजला आहे आणि त्याची पाने सुपाएवढी झाली आहेत. त्या दिवशी घरात अळूवडी होते. वडी थापत असताना आजी काही बोलत नाही; गृहस्थ वही उघडतो, ‘प्रणालीचे उत्पन्न’ या सदराखाली ‘अळू, पाने १४’ अशी नोंद करतो, आणि गळता सांधा दुरुस्त करण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकतो.